मुंबई-शिर्डी : आकाशात पाऊण तास, दारापासून दारापर्यंत किती?

मुंबई आणि शिर्डी विमानतळांमधील अंतर सरळ रेषेत मोजल्यास जेमतेम 170 किलोमीटर भरते. नाशिक-सिन्नरमार्गे रस्त्याने तेच 240 किलोमीटरच्या घरात जाते. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबईचे हे पहिले उड्डाण पाऊण तासाचे म्हणून गाजले होते.

ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाचे एटीआर विमान हे अंतर खरे तर वीस मिनिटांत कापू शकते. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा घेणे यांना अंतर कितीही असो, ठरावीक वेळ लागतोच. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर तो अधिकच वाढतो.

शिवाय घरून विमानतळ गाठायला तासभर, तेथे दोन तास आधीची हजेरी आणि उतरल्यावर काकडी (ता. कोपरगाव) येथून शिर्डीपर्यंतचे 14 किलोमीटर! सारे जमेस धरले की हिशेब साडेचार तासांवर जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला मुंबईहून साईनगर शिर्डीसाठी सुमारे 5 तास 20 मिनिटे लागतात. समृद्धी महामार्गाचा आमणेपर्यंतचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून मोटारीने हा प्रवास कोंडी नसेल तर चार तासांच्या आत होतो. मुंबईकराचा विमानाने फारसा वेळ वाचत नाही, हे उघड आहे.

हैदराबादची गोष्ट वेगळी. तेथून शिर्डीचे हवाई अंतर 500 किलोमीटरहून थोडे अधिक. उड्डाण साधारण दीड तासाचे. रेल्वेने मात्र रात्र काढावी लागते. चेन्नई सुमारे 970, तर दिल्ली 1020 किलोमीटरवर आहे. या शहरांतील भाविकांचा जवळजवळ अख्खा दिवस वाचतो.

अहिल्यानगर शहरवासीयांच्या वाट्याला यातले थोडेच येते. जिल्ह्यातील हे विमानतळ जिल्हा मुख्यालयापासून रस्त्याने 80 किलोमीटरहून दूर, तेही ज्याच्या दुरवस्थेबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी आहेत त्या नगर-मनमाड रस्त्यावरून. पुण्याचे लोहगाव आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ शंभर किलोमीटरहून लांब असले, तरी हव्या त्या शहराचे विमान कोठून मिळते यावरच अनेकांची निवड ठरते.

हवामानाचाही विचार हवा. नोव्हेंबर 2019 मध्ये अपुऱ्या दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणे काही आठवडे ठप्प झाली होती. रात्री विमान उतरविण्याची सोय 2025 मध्ये झाली. तरीही त्याच दिवशी परतायचे असल्यास दर्शनाच्या रांगेचा वेळ धरूनच परतीचे तिकीट काढावे. गर्दीच्या दिवशी ही रांग उड्डाणापेक्षा लांबते.