चिमणीच्या पेटीला भोक केवढं?

"भोक केवढं पाडू?" गेल्या आठवड्यात सुतारमामांनी विचारलं. मी म्हणालो, बत्तीस मिलिमीटर. मामा हसले. "सायेब, मागच्या साली एका कार्यक्रमासाठी लई पेट्या केल्या, कुणी माप नाही सांगितलं. चिमणी जाईल एवढं पाडा म्हणले, मी आपलं पन्नासचं पाडलं. दार मोठं असलं तर वाईट काय?"

वाईट काय, ते मी बघितलंय. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात मला पेटी मिळाली. फोटो झाला, बातमीही मीच केली. पेटी पोर्चमध्ये टांगली. चार दिवसांत चिमणा-चिमणी काड्या घेऊन आले, घरात आनंदीआनंद. पुढच्या पंधरवड्यात एके सकाळी फरशीवर दोन फुटलेली अंडी, अन् पेटीच्या दारातून पिवळी चोच बाहेर. साळुंकी. मी नशिबाला बोल लावला. भोक मोजायचं सुचलं ते वर्षभरानं. बरोबर पन्नास.

आता २० मार्च जवळ आलाय. पुन्हा पेट्या वाटल्या जातील, पुन्हा फोटो निघतील, अन् बातमी पुन्हा माझ्याकडेच येईल. म्हणून यंदा आधीच या भोकाबद्दल लिहितोय. त्याला बराच मोठा इतिहास आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी चिमणीसाठी मुद्दाम भोक कधी पाडलंच नाही. ते घराबरोबर फुकटात यायचं. सेलू तालुक्यातलं माझं आजोळ माळवदाचं. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं फट राहायचीच. भिंतीतली खुंटी निघाली की तिचं भोक उरायचं. देवादिकांच्या तसबिरी भिंतीला वरून झुकवून टांगलेल्या, त्यांच्या मागं तिरपी जागा. या सगळ्यात चिमण्या. तसबिरीमागून काड्या खाली पडायच्या अन् आजी रोज झाडता झाडता कुरकुरायची, पण तसबीर हलवू द्यायची नाही. दाराशी ज्वारीची रास, अंगणात जनावरं, शेणात किडे. चिमणीला याहून जास्त काय लागतं? शेती सुरू झाली तेव्हापासून हा पक्षी माणसाच्या दाण्याच्या मागं मागं जगभर फिरला. रानात राहणारी चिमणी वेगळी, घरात राहणारी ही वेगळी.

अन् हे भोक चिमणीला किती मोलाचं असतं, याची नोंद एका दहा वर्षांच्या पोरानं करून ठेवलीय. पोराचं नाव सालिम अली, साल १९०६-०७. भिंतीतल्या एका भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर चिमणा राखण करतोय. या पठ्ठ्यानं तबेल्यातल्या घोडागाडीआड दबा धरून एअरगनने चिमणा टिपला. थोड्याच वेळात चिमणीनं दुसरा नर आणला. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर! पुढं पक्षिशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी ती बालपणीची नोंद लपवली नाही. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणीच ठेवली, अर्थात ती दुसरी, पिवळ्या गळ्याची. सालिम अलींनी त्या नोंदीतून काय काढलं ते पक्षीवाल्यांना माहीत. मला त्यात दिसतं ते एवढंच की नर बदलले, जागा बदलली नाही. चांगलं भोक सोडायला ती तयार नव्हती.

मग स्लॅब आला. माळवदं पाडली, भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, खिडक्यांना जाळ्या लागल्या. घर पक्कं झालं, म्हणजे फट उरली नाही. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात माळवद गळताना रात्रभर घमेली मांडणाऱ्या माणसाला विचारा, तो स्लॅबच मागेल. मीही मागितला. पण फुकटचं भोक गेलं, अन् आता ते मोजून पाडायची वेळ आली.

मोजून पाडायचं काम दुसरीकडं फार आधी सुरू झालं. हॉलंड-बेल्जियमच्या भागात चार-पाचशे वर्षांपूर्वी लोक घराच्या भिंतीला मातीची मडकी टांगत. चिमणी आत घरटं करी, अन् घरमालक मागच्या भोकातून पिल्लं काढून खाई! चिमणीवरची माया वगैरे काही नव्हतं.

पण भोकाच्या मापाचा खरा धडा अमेरिकेतला आहे. तिथं पर्पल मार्टिन नावाचा जांभळट-काळा पक्षी आहे, आपल्या पाकोळीच्या कुळातला. चोक्टॉ आणि चिकासॉ या तिथल्या मूळच्या जमाती गावाजवळ पोकळ भोपळे उंचावर टांगायच्या. आपण एकतारीला वापरतो तसा वाळका भोपळा, फक्त पोटाला एक भोक. हे पक्षी थव्यानं शेजारी शेजारी राहतात, म्हणून भोपळ्यांची अख्खी माळ. पुढं युरोपातून आलेल्या लोकांनीही ती रीत उचलली, लाकडी चाळीच बांधल्या. शेवटी असं झालं की रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचा हा पक्षी जवळपास पूर्णपणे माणसाच्या पेटीवर अवलंबून राहिला. झाडाची ढोली जणू विसरलाच.

अन् मग माणसानं घोळ घातला. १८५१-५२ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये इंग्लंडहून आणलेल्या चिमण्या सोडल्या. १८९० साली यूजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ६० स्टार्लिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी ४०. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा सख्खा भाऊबंद. दोघं खंडभर पसरले अन् मार्टिनच्या चाळीत घुसले. अंडी फोड, पिल्लं मार, जागा बळकाव. मार्टिनला गोल दार सव्वादोन इंचांच्या आत-बाहेर लागतं, अन् त्यातून स्टार्लिंग आरामात जातो. मग मार्टिन पाळणाऱ्यांनी दारच बदललं. गोल भोक सोडून अर्धचंद्राकृती खाच, तीन इंच रुंद पण उंची फक्त तीस मिलिमीटर, तीही तळाच्या फळीला जवळजवळ चिकटून. मार्टिनचे पाय आखूड, तो पोटावर सरपटत आत जातो. स्टार्लिंगची छाती जाड, ती अडते. एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर एक तर स्टार्लिंग आत शिरतो, नाहीतर मार्टिन बाहेर राहतो.

यातली गंमत अशी की त्या खाचेतूनही आपली चिमणी मजेत आत जाते. आपण जिच्यासाठी हळहळतो तीच तिकडं घुसखोर, अन् लोक तिची घरटी काढून फेकतात. साळुंकीचंही तेच. ऑस्ट्रेलियात नेऊन सोडलेली आपली साळुंकी तिथल्या ढोलीतल्या पक्ष्यांच्या मुळावर उठलीय. इथं मात्र ती आपलीच आहे, चिमणीइतकीच जुनी. तिला शत्रू ठरवून दगड मारायचं काही कारण नाही. तिला चिमणीच्या घरात येऊ द्यायचं नाही, एवढंच. चिऊ-काऊची गोष्ट आठवा. पावसात कावळा दार ठोठावतो अन् चिऊताई आतून एकेक सबब सांगत राहते. अख्खी गोष्ट दारावर उभी आहे. आपण पेट्या वाटल्या त्या दाराचा विचार न करता.

आपल्याकडं पेट्यांची चळवळ आली ती नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्यामुळं. त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २० मार्च २०१० ला पहिला जागतिक चिमणी दिवस झाला. त्याआधी २००८ मध्येच टाइम मासिकानं त्यांना पर्यावरणवीरांच्या यादीत घेतलं होतं. मोठं काम. पुढं त्याचा कार्यक्रम झाला अन् कार्यक्रमात माप हरवलं, हे आपलं नेहमीचं. आणि 'चिमणी नामशेष होतेय' अशा पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा दम धरावा. २०२० च्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात चिमणी एकूण स्थिर दिसली, घट दिसली ती मुंबई, हैदराबाद, बंगळुरूसारख्या मोठ्या शहरांत. म्हणजे आपल्या गावातली चिमणी अजून हाताबाहेर गेलेली नाही.

तर माप. चिमणीला ३२ मिलिमीटर, गोल. त्यातून साळुंकी शिरत नाही. मोजपट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या, ते २७ मिलिमीटरचं असतं. भोकात मधोमध धरलं तर चारी बाजूंनी जेमतेम अडीच मिलिमीटर फट राहिली पाहिजे. नाण्याशेजारी बोट जात असेल तर ते दार साळुंकीचं. भोक तळापासून वीतभर नाही तरी चार-पाच इंच वर हवं, म्हणजे मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचत नाही. भोकाखाली शोभेची दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, चोराला लागते. पत्र्याची पेटी तर नकोच. परभणीचा मे महिना, त्यात पत्रा, पिल्लं भाजून निघतील. लाकडी घ्या, दिवसभर सावली राहील अशा जागी टांगा, अन् एकटी नको, दोन-चार जवळजवळ. चिमणी शेजार धरून राहणारी बाई आहे.

एवढं करूनही पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात, ते पेटीत मिळत नाहीत. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, त्यावर फवारे आले, हा मोठा विषय आहे. त्यावर वेगळं लिहीन.

ज्यांच्याकडं आधीच मोठ्या भोकाच्या पेट्या आहेत त्यांनी त्या फेकू नयेत. पातळ फळीचा चौकोनी तुकडा घ्या, त्याला ३२ चं भोक पाडा अन् जुन्या भोकावर ठोका. सुतार पाच मिनिटांत करून देतो. आत अंडी-पिल्लं असतील, अगदी साळुंकीची असली तरी, तोवर हात लावू नका. मी साळुंकीची पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो, मगच फळी ठोकली. मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मागच्या पेट्या ज्यांनी नेल्या त्यांचे नंबर आहेत माझ्याकडं. फोन करून बघतो."