अयुथ्येची राणी सूर्योथाई

बँकॉकला गेलेले प्रवासी उत्तरेस अयुथ्येचे भग्नावशेष पाहून येतात. आपल्या अयोध्येवरून नाव घेतलेली ही सयामची राजधानी १३५० च्या सुमारास वसली व १७६७ साली ब्रह्मी सैन्याने जाळली. झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धमस्तक सर्वच पाहतात. नदीकाठचा पांढरा-सोनेरी स्तूप मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. १५४८-४९ च्या ब्रह्मी स्वारीत राजावर वार होणार, तोच पुरुषवेषातील राणी सूर्योथाईने आपला हत्ती मध्ये घातला व प्राण दिले, असे तेथील बखरी सांगतात. दहनस्थानी राजाने मठ बांधविला. हा स्तूप तिचेच स्मारक. राजवाडे जळाले, राजवंश संपला. राणीचे नाव उरले. तेथे जाणे झाले, तर दोन फुले तिलाही वाहावीत.