वॉर्टची साठवण
सातूला मोड आणून ते वाळविले म्हणजे माल्ट तयार होते. माल्ट दळून गरम पाण्यात ठेवल्यास त्यातील एंझाइमांमुळे स्टार्चाची शर्करा बनते. गाळून मिळणाऱ्या या गोड द्रवास वॉर्ट म्हणतात. वॉर्ट हॉप फुलांबरोबर उकळून, थंड करून त्यात यीस्ट मिसळले की किण्वन होऊन बिअर बनते. बिअरमधील अल्कोहॉल व अम्लता यांमुळे ती काही काळ टिकते. अकिण्वित वॉर्टला हे संरक्षण नसते; उलट शर्करा व नायट्रोजनयुक्त द्रव्ये यांमुळे त्यात सूक्ष्मजंतूंची वाढ झपाट्याने होते.

वॉर्ट टिकविण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न ब्रिटिश नौदलाने केला. वॉर्ट स्कर्व्हीवर गुणकारी असल्याचे मत डेव्हिड मॅकब्राइड यांनी १७६४ मध्ये मांडले होते. पुढे ते चुकीचे ठरले. १७७१ मध्ये नौदलाच्या रसद विभागाचे सचिव पेलम यांच्या सूचनेवरून वॉर्ट व बिअर आटवून दाट अर्क करण्याचे प्रयोग झाले. त्यात पाणी मिसळून जहाजावरच बिअर करावी, असा हेतू होता. जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीत (१७७२–७५) अशी ३१ अर्धपिपे देण्यात आली. त्यांपैकी १९ ‘रेझोल्यूशन’वर व १२ ‘ॲडव्हेंचर’वर होती. मात्र उष्णतेने व जहाजाच्या हेलकाव्यांनी अर्क पिपांतच आंबू लागला. किण्वन टाळता आले तर हा पदार्थ समुद्रावर फार मोलाचा ठरेल, असे मत कुक यांनी नोंदविले.

या अपयशाचे कारण पुढील शतकात उलगडले. वॉर्ट उकळून बाहेरील सूक्ष्मजंतूंचा शिरकाव रोखल्यास ते बिघडत नाही, हे लुई पाश्चर यांनी प्रयोगांनी दाखविले व १८७६ मध्ये बिअरविषयक ग्रंथात या विषयाचे विवेचन केले. १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. अशा संवर्धनासाठी निर्जंतुक वॉर्ट हाताशी ठेवणे आवश्यक झाले. जर्मनीत थोडे वॉर्ट राखून बाटल्या भरताना बिअरमध्ये मिसळण्याची पद्धत आहे. त्यामुळे बाटलीत पुन्हा किण्वन होऊन बिअर फेसाळ बनते. राखलेल्या वॉर्टला तेथे ‘श्पाइज’ (अन्न) म्हणतात.

घरगुती बिअरनिर्मितीसाठी लागणारा परवाना ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने अशा निर्मितीस केंद्रीय करातून सूट मिळाली. त्यानंतर वॉर्टची साठवण हौशी लोकांच्याही कक्षेत आली. ऑस्ट्रेलियात उकळते वॉर्ट सुमारे २० लिटरच्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात भरून, हवा काढून झाकण घट्ट लावतात व ते आपोआप निवू देतात. यात थंड करण्यासाठी लागणारे पाणी वाचते.

या पद्धतीतील धोका डोळ्यांना दिसत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू १००° से. तापमानास उकळूनही जिवंत राहू शकतात. हवाबंद डबा त्यांना अनुकूल असतो. पीएच मूल्य ४·६ पेक्षा कमी असल्यास हा जंतू वाढत नाही. परंतु वॉर्टचे मूल्य सामान्यतः ५ ते ५·५ असते. त्याचे विष प्राणघातक असून ते वास वा चवीवरून ओळखता येईलच असे नाही. म्हणून दीर्घकाळ ठेवावयाचे वॉर्ट दाबपात्रात सुमारे १२१° से. तापमानास निर्जंतुक करतात किंवा गोठवितात. अन्यथा थंड होताच त्यात यीस्ट मिसळणे इष्ट ठरते. किण्वन सुरू झाल्यावर अम्लता वाढते व धोका ओसरतो.