पानिपत: 14 जानेवारी 1761, पहाट ते सांज

ठाणे खाडीच्या काठावरच्या घणसोली गावासमोर, पलीकडची साष्टी मराठ्यांनी 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतली. ती लढाई उंबरठ्यावरची होती. अप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ मात्र पार पानिपतात अडकले, ते 1752 च्या करारापायी. अफगाण बादशहा अब्दालीपासून दिल्लीच्या बादशहाला राखायचं, बदल्यात पन्नास लाख रुपये आणि पंजाब-सिंधची चौथाई, असा तो करार.

पहाटेपूर्वी: अडीच महिन्यांच्या कोंडीत छावणी उपाशी पडली आहे. उरलंसुरलं धान्य रात्रीच वाटून टाकलं. तहाची शेवटची आशा धरून भाऊंनी अब्दालीच्या गोटातल्या, अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडितांना चिठ्ठी धाडली, पण तोवर मराठे तोंडाला हळद फासून बाहेर पडलेही होते.

उजाडताना: अब्दाली घोड्यावर बसून हुक्का ओढतो आहे. मराठ्यांच्या तोफा कडाडतात. तो हुक्का चाकराच्या हाती देतो आणि शुजाला म्हणतो, मराठे निघाल्याची तुझ्या माणसाची बातमी खरी निघाली. हा प्रसंग काशीराजांनीच लिहून ठेवला आहे.

सकाळी 9 च्या सुमारास: मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याची पलटणं अब्दालीकडच्या रोहिल्यांना भिडतात. भाऊंची हुजुरात अब्दालीचा वजीर शहावलीखान याची मधली फळी फोडते.

दुपारी 12: पारडं मराठ्यांकडे झुकलेलं.

पण लढाई कोणासाठी चालली होती? करार करणारा बादशहा 1754 मध्येच पदच्युत झाला. त्याच्यामागून आलेल्या आलमगीराचा 1759 मध्ये त्याच्याच वजिराने खून करवला. नवा शाहआलम दूर बिहारकडे. तरीही भाऊंनी उत्तरेत जाणं योग्यच होतं, असं मी ठामपणे म्हणेन. 1757 मध्ये दिल्ली-मथुरा लुटणारा अब्दाली केवळ बादशहाचा शत्रू नव्हता. चूक झाली ती शेजारी तोडण्यात. चौथाईच्या वसुलीने दुखावलेले राजपूत घरी बसले, सूरजमल जाट मोहीम अर्ध्यावर सोडून गेला आणि शुजा तर शत्रूलाच मिळाला. दूरच्या मित्राला राखायला निघालेल्या फौजेला वाटेतल्या माणसांनी दाणागोटा द्यावा लागतो.

दुपारी 1 नंतर: अब्दाली राखीव फौज सोडतो. ताज्या दमाचे स्वार, उंटांवरच्या तोफा. समोर उपाशी माणसं आणि उपाशी घोडी.

2 नंतर: पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव यांना गोळी लागते. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटतो. मल्हारराव होळकर रणातून निघून जातात.

4 च्या सुमारास: सारं संपलेलं. भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. पळणाऱ्यांची कत्तल चालूच राहिली.

पुढच्या दिवसांत जे जिवंत जाटांच्या मुलखात पोचले, त्यांना अन्न, कपडा आणि वाटखर्च देऊन दक्षिणेकडे रवाना केलं ते सूरजमल जाटाने.