सेकंदास चोवीस चौकटी : एका संकेताचा इतिहास

अंकीय कॅमेऱ्याने चित्रण करणाऱ्यास प्रारंभीच सेकंदास किती चौकटी घ्यावयाच्या हे ठरवावे लागते. कॅमेऱ्यात २४, २५, ३०, ५०, ६० असे पर्याय दिलेले असतात, आणि त्यांपैकी २४ हा खास चित्रपटाचा म्हणून निवडला जातो. हा आकडा मानवी दृष्टीच्या धर्मावरून निघाला असावा, अशी समजूत सर्वत्र आढळते; परंतु ती इतिहासास धरून नाही.

एडिसनच्या किनेटोस्कोपात सेकंदास चाळिसाहून अधिक चौकटी सरकत. ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफात सुमारे १६. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेलेली चलच्चित्रे या दुसऱ्या यंत्राची होत. सोळा चौकटी हालचालीचा भास उत्पन्न करण्यास पुरतात. पडद्यावरील उजेडाची लुकलुक घालविण्यास मात्र पुरत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत आजही केली जाते. लुकलुकीवरचा उपाय प्रक्षेपकाच्या झडपेत सापडला. तीन पात्यांची झडप बसविली म्हणजे एकच चौकट तीनदा उजळते, आणि सोळा चौकटींतून उजेडाचे अठ्ठेचाळीस ठोके मिळतात. डोळ्याची तक्रार अशा रीतीने चौकटींची संख्या न वाढविताच मिटली होती.

मूकपटाच्या काळात वेगाचा निर्णय बव्हंशी हाताच्या स्वाधीन होता. कॅमेऱ्याचा दांडा चित्रक फिरवी. दृश्याच्या गरजेप्रमाणे तो सावकाश वा जलद फिरविणे हा त्याच्या कसबाचा भाग असे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्यापूर्वी रोपाच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. भांडवल मिळविण्यासाठी केलेला हा प्रयोग वस्तुतः चौकटींच्या वेगाचाच प्रयोग होता. चित्रगृहात प्रक्षेपकाचा चालक पुष्कळदा चित्रणाच्या वेगाहून अधिक वेगाने पट चालवी. अधिक खेळ बसविण्याची मालकाची इच्छाही त्यात असेच.

पटाला आवाज जोडताच ही मोकळीक संपली. वेगात चढउतार झाल्यास चित्रातील माणूस थोडा घाईत दिसतो, एवढेच. आवाजाची पट्टी बदलली तर ते कानास तत्काळ जाणवते. १९२६ च्या सुमारास व्हायटाफोन पद्धतीची जुळणी करताना वेस्टर्न इलेक्ट्रिकचे अभियंता स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी चांगल्या चित्रगृहांत पट कोणत्या वेगाने चालतो याची चौकशी केली, आणि तेथील रूढ वेगाच्या आसपास मिनिटास ९० फूट हा वेग कायम झाला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. त्या हिशेबाने सेकंदास २४ चौकटी होतात. वेग याहून वाढविला असता तर पुढे फिल्मवरच आलेल्या ध्वनिपट्टीस ते हितकर ठरले असते. परंतु फिल्मचा खर्चही त्या प्रमाणात वाढला असता. एका चौकशीतून निघालेला हा व्यवहारी आकडा पुढे चित्रपटाच्या सौंदर्याचे लक्षण समजला जावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दूरचित्रवाणीचे आकडे विद्युत्पुरवठ्यातून आले. ब्रिटनमध्ये वीज ५० आवर्तनांची, म्हणून २५ चौकटी. अमेरिकेत ६० आवर्तनांची, म्हणून ३०. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपण सुरू करताना रंगसंकेत व ध्वनिसंकेत यांचा परस्परांस उपद्रव होऊ नये म्हणून ३० चे २९.९७ करण्यात आले. आजच्या कॅमेऱ्यांतील २३.९८ हा विचित्र आकडा त्याच तडजोडीचा वंशज होय. भारतातील वीजही ५० आवर्तनांची. येथील दिवे काही प्रकारांत सेकंदास शंभर वेळा मंद-प्रखर होतात. त्यामुळे २४ चौकटींवर चित्रण करणाऱ्यास प्रत्येक चौकटीचा उजेडकाल १/४८ ऐवजी १/५० सेकंद ठेवावा लागतो, एरवी चित्रात लाटा दिसतात. ‘द हॉबिट’चा पहिला भाग २०१२ साली ४८ चौकटींवर दाखविला गेला, तेव्हा अनेक प्रेक्षकांस तो दूरचित्रवाणीसारखा वाटला. त्यांची तक्रार सवयीची होती, डोळ्याची नव्हती.

संशोधकाच्या दृष्टीने या संकेताचा खरा उपसर्ग मूकपटांच्या अंकीय प्रतींत होतो. सोळाच्या वेगाने टिपलेला पट २४ वर चालविल्यास हालचाल दीडपट होते, आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) सारख्या पटातील अभिनय विनाकारण हास्यास्पद ठरतो. मग त्या काळची अभिनयशैलीच तशी होती, असे अनुमान निघते. उलट वेग राखावयाचा तर दर दोन चौकटींमागे एक चौकट पुन्हा घालावी लागते. म्हणजे मूळ फिल्मवर नसलेल्या चौकटी प्रतीत येतात. केव्हिन ब्राउनलो यांनी १९८० साली दाखवून दिले की मूकपटांचा असा एकच ‘योग्य’ वेग नव्हता. वर्षागणिक, कधी एकाच पटातही, तो बदले. म्हणून सूचीत मूकपटाची लांबी फुटांत दिलेली असेल तर ती पुरावा म्हणून घेता येते, मिनिटांत दिलेली असेल तर ते सूचीकाराचे अनुमान असते. ३६०० फुटांचा पट सोळाच्या वेगाने साठ मिनिटे चालतो, चोवीसच्या वेगाने चाळीस.