पिवळ्या यंत्राचा वाढदिवस

तारीख 23 ऑक्टोबर 1945, वार मंगळवार. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या उटॉक्सिटर या बाजाराच्या गावात, भाड्याच्या एका गॅरेजच्या दाराशी तुम्ही उभे आहात. महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झालेत. गॅरेज 12 फूट बाय 15 फूट, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलएवढंच. आत या. तापलेल्या लोखंडाचा वास नाकात जातोय ना? कोपऱ्यातलं ते वेल्डिंग यंत्र जुनं आहे, एका पौंडाला घेतलेलं. आणि मधोमध उभी आहे शेतावर माल वाहायची एक गाडी, मागच्या बाजूला कलून ओझं ओतणारी.

तिच्या फळीवरून हात फिरवा. हा पत्रा नवा नाही. बॉम्बवर्षावापासून जीव वाचवायला लोक ज्या आसऱ्यांत शिरून बसत, त्यांचा हा पत्रा आहे. लढाई संपली, आसरे मोडीत निघाले आणि त्या मोडीतून ही गाडी उभी राहिली. ती करणारा जोसेफ सिरिल बॅमफर्ड 29 वर्षांचा आहे. घराण्याचा शेतीच्या अवजारांचा कारखाना याच गावात आहे, पण त्याने आपली वेगळी वाट धरली आहे. आज त्याला मुलगा झालाय. नाव अँथनी. आणि आजच तो ही गाडी बाजारात नेऊन विकणार आहे. 45 पौंड रोख, वर शेतकऱ्याची जुनी गाडी बदल्यात.

पुढे त्याच्या कंपनीने आपला जन्मदिवस हाच धरला. कंपनीला नाव मिळालं त्याच्याच आद्याक्षरांचं, जेसीबी. जेसीबीचा आणि मालकाच्या लेकाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

तुम्हाला इथे आणायचं कारण म्हणजे तुमची लेक. पुढच्या रविवारी ती पाच वर्षांची होतेय आणि तिने फर्मान काढलंय, ‘मला जेसीबीचा वाढदिवस पाहिजे.’ तुम्ही मोबाईलवर तयार सेट पाहून ठेवलाय. पिवळे-काळे फुगे, ‘काम चालू आहे’ची पताका, प्लास्टिकच्या टोप्या, कागदी ताटल्या. मागवायला दोन मिनिटं लागतील आणि रविवारी रात्री सगळं कचऱ्याच्या पिशवीत जाईल. तो सेट मागवण्याआधी या गॅरेजकडे पुन्हा एकदा नीट पाहा. इथे तयार आणलेलं काय आहे? जवळजवळ काहीच नाही. बांधकामाचा खरा आनंद इथे आहे. पडलेल्या वस्तूतून, आपल्या हातांनी, उपयोगाचं काहीतरी उभं करायचं. पाच वर्षांच्या मुलाला हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

आठ वर्षं पुढे येऊ. 1953. पुढे माती उचलणारं सूप आणि मागे खणणारा हात, अशी दोन्ही कामं करणारं जेसीबीचं पहिलं यंत्र तयार झालंय. 1979 साली ही कंपनी हरियाणात बल्लभगढला येईल. मग आपल्याकडे गावोगाव पिवळं यंत्र दिसलं की शाळेत निघालेली पोरं थबकतील, आजोबा काठी टेकून उभे राहतील, आणि निवडणूक जिंकलेल्या पुढाऱ्यावर त्याच यंत्राच्या सुपातून गुलाल उधळला जाईल. तुमच्या लेकीचं वेड तिथूनच आलंय. ते वेड चांगलं आहे. मोठं ओझं उचलण्याची इच्छा आहे ती.

आता वर्ष पुन्हा 1945 करा, पण जागा बदला. आपल्या किनाऱ्यावरचं बोर्डी गाव. समोर समुद्र, मागे चिकूच्या वाड्या. ताराबाई मोडक इथे ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू करताहेत आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आहेत. महागडी साधनं खेड्यात परवडणारी नाहीत, म्हणून शिंपले, बिया, खडे, काड्या, माती हीच साधनं झाली आहेत. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात जाऊन बसते. तुम्हीही त्या सारवलेल्या जमिनीवर बसा. एक मूल खडे रचतंय. चौथा खडा घसरतो. कुणी मदतीला धावत नाही. ते मूल खालचा खडा काढून त्याजागी चपटा ठेवतं, आणि मनोरा उभा राहतो. पायाचं तत्त्व त्याला कुणी सांगितलेलं नाही.

इथून घरी नेण्यासारखं खूप आहे, पण अजून एक मुक्काम बाकी आहे. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दिल्ली, 1969. राजघाट. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाची बांधकामं जोरात चालली आहेत. धूळ इतकी की पदर तोंडाशी धरावा लागतो. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका ओळीने चढताहेत, उतरताहेत. जरा खाली पाहा. खडीच्या ढिगाशेजारी तान्हं मूल झोपलंय. त्याच्यावर लक्ष ठेवायला बसलेली बहीण फार तर सहा वर्षांची असेल, तुमच्या लेकीहून वर्षाने मोठी. तिच्या मांडीवर दुसरं भावंड. तिने उठून खेळायचं म्हटलं, तर या तान्ह्याकडे कोण पाहणार?

मीरा महादेवन यांनी हेच पाहिलं आणि त्यांना पुढे जाववेना. त्या बेने इस्रायल समाजात जन्मलेल्या, म्हणजे मूळ आपल्या कोकणाशी आणि मराठीशी नातं असलेल्या. त्यांनी तिथेच एक तंबू उभारला. तान्ह्यांना झोपायला जागा, मधल्यांना बालवाडी, मोठ्यांना अक्षरओळख. त्या तंबूतून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. काम संपलं की मजूर पुढच्या साइटवर जातात, तेव्हा पाळणाघरही त्यांच्यामागे जातं. 1972 साली हे काम मुंबईतही सुरू झालं. आपण ज्या इमारतींच्या विसाव्या मजल्यावरून फटाके पाहतो, त्यातल्या कित्येकींच्या पायाशी असं मूल वाढलेलं आहे.

आता घरी चला. रविवारच्या तयारीला लागू.

तो तयार सेट राहू द्या. वाण्याकडून, औषधाच्या दुकानातून पुठ्ठ्याची रिकामी खोकी गोळा करा. बुटांच्या डब्यांच्या विटा उत्तम होतात. झाकण चिकटपट्टीने बंद केलं की मुलं त्यावर रेललीत तरी चालतं. जमिनीवर जुनी चादर पसरा, तिच्यावर घमेल्यात ओली शाडू माती ठेवा. सिमेंट मात्र घरात अजिबात आणू नका. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि मुलं हात डोळ्यांना लावतात. वाळू हवी असेल तर ती चाळून, धुऊन घ्या. पाहुण्यांत कुणाचं दोन वर्षांचं भावंड असेल तर खडे, नट असलं बारीक सामान वरच उचलून ठेवा.

सुरुवात भूमिपूजनाने करा. ज्या दिवशी काम सुरू होतं त्या दिवशी नारळ फुटतोच. लेकीच्या हातून हळदकुंकू वाहू द्या, नारळ आजोबा फोडतील. मग औक्षण. केक शेवटी.

मधला सगळा वेळ कामाचा. आठ-दहा मुलं पुरेत, त्याहून जास्त झाली की भिंत पडण्याआधी भांडणं होतात. दोन टोळ्या करा आणि प्रत्येक मुलाला आपापला ओळंबा करू द्या. दोऱ्याला जड नट बांधला की झाला ओळंबा. भिंत सरळ आहे का हे तुम्ही सांगू नका, दोराच सांगेल. फिशटँकची पारदर्शक नळी मिळाली तर तिच्यात रंगीत पाणी भरा. दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहतं, आणि गवंडी आजही याच नळीने लेव्हल काढतात. मुलं यावर अर्धा तास काढतील, हे मी खात्रीने सांगते. भिंत पडली तर पडू द्या. बोर्डीच्या अंगणात कुणी धावलं नव्हतं.

जमलं तर ओळखीच्या एखाद्या गवंडीकाकांना बोलवा. त्यांना आधी विचारा, आणि त्या वेळाची त्यांची हजेरी आनंदाने द्या. पोरांना एक थर लावून दाखवू देत. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट का बसवायची, हे त्यांच्या हातून कळलं की मुलं ते विसरत नाहीत. त्यांची मुलं शहरात असतील तर ती पाहुणे म्हणून येऊ देत, इतर मुलांच्याच पंगतीत, त्याच ताटात.

खाण्याला फार डोकं लावायला नको. कोथिंबीर वड्या आणि नारळाच्या वड्या विटांसारख्या चौकोनी पाडा. शिवाय छोट्या भाकऱ्या, पिठलं, ताक. साइटवरचा डबा असाच असतो, आणि दमलेली पोरं तो चवीने खातात. केकवर चॉकलेटच्या बिस्किटांचा चुरा पसरून त्यात खेळण्यातला जेसीबी अर्धा रुतवून ठेवा. एवढा हट्ट तिचा पुरवाच.

जाताना मुलांच्या हातात भेटवस्तूंच्या पिशव्या देण्याऐवजी ज्याने-त्याने केलेला ओळंबा द्या.

आणि वाढदिवस झाल्यावर आठवड्याभरात एक काम करा. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, तेव्हा त्यात लिहिलं गेलं की पन्नासहून जास्त महिला कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी आणि त्यांना सांभाळणारी प्रशिक्षित बाई हवी. तुमच्या सोसायटीशेजारी काम चालू असेल तर तिथे जाऊन मुकादमाला, नाहीतर बिल्डरच्या कार्यालयात विचारा, मुलांची सोय कुठे आहे. नवं घर बुक करताना पार्किंग विचारतो, लिफ्ट विचारतो, पाण्याची टाकी केवढी ते विचारतो. त्याच यादीत हा प्रश्न घाला. विकत घेणारा विचारतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं.