वाट कोणाची? यवतमाळच्या पांदणी आणि इंग्लंडच्या पायवाटा

१/ इंग्लंडच्या ग्रामीण भागात अनोळखी वाटसरू कोणाच्याही गव्हाच्या शेतातून, नदीकाठच्या कुरणातून निर्धास्त चालत जातो. कुंपण आडवे आले तर ते ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. वाट कोठे वळते हे पिवळा बाण सांगतो. शेताचा मालक हटकत नाही, कारण कायद्याने त्याला तो अधिकारच नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते.

२/ यवतमाळ जिल्ह्यातही वाटांची कमतरता नाही. एका अंगाला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मधल्या पठारावरून वाहणाऱ्या अडाण, अरुणावती, पूस आणि बेंबळा. या खोऱ्यांतल्या कपाशी-तुरीच्या वावरांमधून जाणारी, दोन्ही अंगांनी बोरी-बाभळींनी वेढलेली बंडीची वाट म्हणजे पांदण. सरकारी कागदांत तिचे नाव 'पाणंद'. तिकडच्या पायवाटा आणि इकडच्या पांदणी यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. आजचा थ्रेड त्या नात्याविषयी, आणि वाट जिवंत कशाने राहते या प्रश्नाविषयी.

३/ आरंभ एका साखळीपासून करू. १६२० मध्ये एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. पुढे मुंबई इलाख्याच्या भूमापनात तिच्या निम्म्या लांबीची, ३३ फुटांची साखळी वापरली गेली. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपल्या सातबाऱ्यावरचा गुंठा हा असा गुंटरच्या साखळीचा वंशज आहे.

४/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. १८६० च्या दशकात येथे मुंबईच्या पद्धतीने भूमापन सुरू झाले. तेव्हा या भागाचा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ मधले. मोजणीदारांनी शेतांना क्रमांक दिले, धुरे ठरवले आणि गावनकाशावर वाटाही काढल्या. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. पायमार्गाची नोंदली जाणारी रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा फुटांपासून पुढे. हे आकडे विचित्र वाटतात, पण ३३ ची चौथाई आणि निम्मे काढून पाहा.

५/ या मोजणीमागचा मुख्य हेतू शेतसारा होता, हे खरे. परंतु त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. कापूस बाजारात पोहोचायचा तर बंडी आधी वावरातून बाहेर पडली पाहिजे. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, म्हणजे आपली 'शकुंतला', याच कापसासाठी आली. त्या रेल्वेची पहिली फाटी म्हणजे पांदण, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

६/ आता इंग्लंडकडे वळू. तेथील वाटा पूर्वापार सुरक्षित होत्या, असा समज करून घेऊ नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून गायराने आणि सामाईक जमिनी खासगी कुंपणांत घातल्या. १८१५ च्या एका कायद्याने तर दोन दंडाधिकाऱ्यांना 'अनावश्यक' वाटेल ती वाट बंद करण्याची मुभा दिली. दंडाधिकारी बहुधा जमीनदारांच्याच वर्गातले. कोणती वाट अनावश्यक, हे चालणाऱ्याला कोणी विचारले नाही.

७/ येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली १० जुलै १९३०. सविनय कायदेभंगाच्या पर्वात वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले आणि अटक पत्करली. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली, जेथून सरपण आले, तेथे वनकायद्याने प्रवेशच गुन्हा ठरवला होता. पुसदचा हा जंगल सत्याग्रह वऱ्हाडच्या स्वातंत्र्यलढ्यातील मानाचे पान आहे.

८/ दुसरी तारीख २४ एप्रिल १९३२. मँचेस्टर परिसरातले काही शे तरुण कामगार किंडर स्काउट या माळरानावर बंदी मोडून चढले. हे रान श्रीमंतांच्या पक्षी-शिकारीसाठी राखलेले होते. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. कापसाच्या एका टोकाला पुसद, दुसऱ्या टोकाला मँचेस्टर. आणि दोन वर्षांच्या आत दोन्हीकडची माणसे बंद केलेल्या रानात पायी शिरली.

९/ ही तुलना फार ताणू नये. तिकडे आठवडाभर राबलेल्या कामगाराला मोकळी हवा हवी होती. इकडे प्रश्न पोटाचा होता आणि परक्या सत्तेचा. साम्य एवढेच, की दोन्हीकडे आधी पाऊल पडले आणि कायदा मागाहून विचार करू लागला.

१०/ इंग्लंडमध्ये त्याच १९३२ साली कायदा झाला: एखादी वाट लोकांनी सलग २० वर्षे उघडपणे, आडकाठीविना वापरली, तर सामान्यतः ती सार्वजनिक मानावी. पुढे १९४९ च्या कायद्याने वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे काम जिल्हा पातळीवरच्या कौन्सिलांना दिले. त्यासाठी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी, वाटांची पाहणी केली. ज्यांना वाट माहीत होती, त्यांच्याच हातून ती कागदावर आली.

११/ आपल्याकडेही २० वर्षांची अट आहे, आणि ती अधिक जुनी. वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८८२ चा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ तहसीलदाराला धुऱ्यावरून रस्ता ठरवून देण्याचा अधिकार देते. वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पण भेद बारकाईने पाहा. हे हक्क प्रामुख्याने जमीनधारकाचे आहेत. माझ्या वावरात जाण्यासाठी मला वाट हवी. नुसत्या चालणाऱ्याचा हक्क असा स्वतंत्रपणे येथे फारसा उभा राहिला नाही. म्हणून पांदण बुजते तेव्हा ते दोन शेजाऱ्यांचे भांडण ठरते, गावाचे नुकसान ठरत नाही.

१२/ आणि पांदण एका दिवसात बुजत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास धुऱ्यापलीकडे सरकते. वीस वर्षांनी बंडीची वाट पायवाट होते, पुढे तीही पऱ्हाटीखाली जाते. काळ्या मातीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. अशा वेळी वाटच नसेल तर खत वावरात जात नाही, वेचलेला कापूस घरी येत नाही, शेतवस्तीवरचा आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणावी लागली, यावरून प्रश्नाचा आवाका लक्षात यावा.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? आपण दस्तऐवज म्हटले की ताम्रपट, बखरी, मोडी रुमाल आठवतो. गावनकाशावरची ती तुटक रेषाही दस्तऐवजच आहे, आणि तो जमिनीवर ताडून पाहता येतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा मिळवा. दिवाळीनंतर रान वाळले की एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला सोबत घ्या आणि त्या रेषेवरून चालत जा. कोठे पांदण अजून रुंद आहे, कोठे नाला तिला गिळतो आहे, कोठे ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली आहे, याची नोंद करा. ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवा. वाट कागदावर टिकते ती नोंदीने आणि जमिनीवर टिकते ती पावलांनी. दोहोंपैकी एक सुटले की दुसरे फार दिवस तग धरत नाही.